कुत्र्याच्या मागे बसलेला माणूस

माय, मी आता कुत्र्या-मांजरांचे फोटो काढते. हे तुला सांगायचं राहूनच गेलं, कारण तू होतीस तेव्हा असं काही काम असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. तू ऐकलं असतंस तर हातातली विळी बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं असतंस आणि म्हणाली असतीस, "कुत्र्याचे? अन लोक काढून घेऊन राह्यले?" हो, घेऊन राह्यले. चंद्रपुरात आता खाणीतल्या साहेबांच्या, डॉक्टरांच्या, कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या घरी मोठ्या केसांचे कुत्रे असतात. उन्हाळाभर ते कूलरपुढून हलत नाहीत. त्यांचे वाढदिवस होतात. मी जाते, फरशीवर पालथी पडते, कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणते, लेन्स पूर्ण उघडते आणि जवळच्या डोळ्यावर फोकस लावते. डोळा लख्ख येतो. बुबुळात खिडकीसुद्धा दिसते. नाकाचं टोक तेवढ्यातच मऊ होतं, कानांच्या कडा विरघळतात, आणि मागचा सोफा, टीव्ही, कुंड्या, माणसं यांचे नुसते रंग उरतात. लोकांना तेच आवडतं. आपलं जनावर सगळ्या पसाऱ्यातून वेगळं निघून आपल्याकडेच बघतंय असं त्यांना वाटतं.

हे मी तुझ्याकडूनच शिकले, तेव्हा त्याला काही नाव आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा सिंदेवाहीच्या त्या एका खोलीत त्यांनी मागे ठेवलेला कॅमेरा होता, दोन दिवे होते आणि निळा पडदा होता. लोकांना वाटलं तू हे विकून माहेरी जाशील. तू गेली नाहीस. बाबांनी काढलेले जुने फोटो समोर ठेवून, हे असं कसं आलं, ते तसं कसं आलं, असं एकेक उलगडत तू शिकलीस. गावातल्या बायका तुझ्याकडे यायला लागल्या, कारण तुझ्यासमोर पदर सारखा करायला त्यांना लाज वाटत नसे. आणि मग पोलीस ठाण्यातूनही निरोप यायला लागला. पुरुषाचं प्रेत असलं की बसस्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याला बोलवायचे. बाईचं असलं की जमादार आपल्या दारात सायकल उभी करायचा आणि आत न येता म्हणायचा, "बाई, चला लागते."

एक दिवस मला अजून तसाच्या तसा दिसतो. शाळेला सुट्टी आहे. तू सकाळी जमादाराबरोबर गेली आहेस आणि दुपारी परत येतेस. कॅमेरा खुंटीला लावतेस, नळावर बसून राखेने कोपरापर्यंत हात घासतेस, पुन्हा घासतेस. मी विचारते, कोण होती? तू म्हणतेस, "पोट्टी होती. नवीन लग्नाची. बोडीच्या पाण्यात सापडली." मग तांदूळ निवडायला घेतेस आणि निवडलेले तांदूळ परत सुपात टाकून पुन्हा निवडतेस. त्या दिवशी तू जेवली नाहीस. संध्याकाळी एक नवराबायको बाळाला घेऊन फोटो काढायला आले. पडदा धुवायला टाकला होता, मागे पोपडे निघालेली भिंत होती, म्हणून तू त्यांना अंगणात बसवलंस. मी तुझ्या हाताकडे पाहत होते. सकाळी जाताना लेन्सवरची कडी अकरा आकड्यावर फिरवलेली मी पाहिली होती, आता तू ती दोनच्याही अलीकडे आणून लेन्स पूर्ण उघडलीस. ते गेल्यावर मी विचारलं, "सकाळी अकरा होता, आता दोन काऊन?"

तू चूल पेटवत होतीस. मग म्हणालीस, "मेलेल्याचं सगळं साफ दिसलं पाह्यजे. बांगडी कुठी फुटली, चप्पल कुठी पडली, काठावर कोणाचे पाय उमटले. त्याच्यातूनच कोणी काही विचारीन त विचारीन. जित्या माणसाचं तसं नसते. त्याच्या मागं भिताड फुटलं आहे का छत गळून राह्यलं, ते कशाले दाखवाचं? त्याचे डोळे दिसले का झालं."

एवढंच. पुन्हा कधी तू हे बोलली नाहीस. त्या बोडीतल्या मुलीच्या फोटोंचं पुढे काय झालं तेही मला कधी कळलं नाही. कुणी काही विचारलं असं ऐकलं नाही.

मी आठवीत असताना तुझ्या कॅमेऱ्यात अर्धा रोल शिल्लक होता आणि आपली मांजर चुलीजवळ ऊब घेत बसली होती. मी कडी दोनच्या अलीकडे, शेवटपर्यंत फिरवली आणि तिचे फोटो काढत राहिले, रोल संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तुला एका लग्नाला जायचं होतं. तू मला मारलं नाहीस, पण चार माणसांसमोर दारात उभी करून बोललीस, "हे खेळणं आहे का? याच्यावर आपली भाकर आहे." मी रडले नाही म्हणून तुला आणखी राग आला. मग रोल धुऊन झाल्यावर तू एक फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहत होतीस. मांजरीच्या मिशा एकेक मोजता येत होत्या. "मांजर बरी आली," तू म्हणालीस. "मागं हे काय आहे?" मी म्हटलं, तू आहेस, भात ढवळत होतीस. तू हसलीस. "मी त धूरच झाली." पुढे मी चंद्रपूरला शिकायला निघाले तेव्हा ती लेन्स तू काढून माझ्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून ठेवलीस, सांगितलंही नाहीस. मला ती होस्टेलवर गेल्यावर सापडली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मागच्या हिवाळ्यात मूल शहराच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात कुत्र्यांना सुया द्यायचं शिबिर होतं. कुत्र्यांचा रोग वाघांना लागू नये म्हणून गावोगाव अशी शिबिरं घेतात. त्या लोकांना गावच्या कुत्र्यांचे चांगले फोटो हवे होते, म्हणून मला नेलं होतं. शाळेच्या पटांगणात लोक आपापली कुत्री घेऊन उभे होते, कुणी सुतळीने बांधलेली, कुणी काखेत धरलेली. गावची कुत्री फोटोला बसत नाहीत. कॅमेरा पाहून त्यांना दगड उचलल्यासारखं वाटतं. मी प्रत्येकाच्या धन्याला सांगत होते, भाऊ, मागे बसा, कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरा आणि माझ्याकडे बघू द्या.

त्यांत एक माणूस होता. पन्नाशीचा असेल. डोक्याला दुपट्टा, अंगात बंडी. त्याचा कुत्रा तपकिरी, फाटक्या कानाचा आणि बाकीच्यांपेक्षा शांत. मी विचारलं, याचं नाव काय?

"नाव नाई," तो म्हणाला. "ये म्हटलं का येते."

"सुई टोचू देईल ना?"

"देईन. मी धरलं का तो काई करू देते." मग सुई देणाऱ्याकडे पाहून म्हणाला, "वाघाले बीमारी होऊ नये म्हून कुत्र्याले सुई देऊन राह्यले. अन वाघानं आमाले काई होऊ नये म्हून कोणती सुई आहे, ते बी सांगा न." पटांगणातले लोक हसले. मीही हसले.

मी मातीत पालथी पडले. त्याने कुत्र्याला गुडघ्यांत घेतलं आणि एक हात त्याच्या जबड्याखाली धरला. दुपारचं तिरपं ऊन होतं. त्या कुत्र्याचे डोळे मधासारखे होते, एकात बारीकसा काळा ठिपका. मी फोटो काढून त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. तो वाकून पाहत राहिला. "कुत्रा त राजावाणी दिसून राह्यला," म्हणाला. "मी धुकट झालो." मी म्हटलं, भाऊ, तुमचा वेगळा काढते, असे उभे राहा. त्याने हात झटकले. "नोको. माह्यात काय पाहाचं आहे? याचाच द्या एक कागदावर करून." मी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा नको म्हटलं, आणि रांगेतला पुढचा कुत्रा गुरगुरायला लागला. शिबिरवाल्यांच्या हाती मी त्याला फोटो छापून पाठवला. एवढाच आमचा संबंध.

मोहफुलं पडायचे दिवस संपत आले होते तेव्हा एका सकाळी दोन बायका माझ्या स्टुडिओत आल्या. एक त्या कुत्र्याच्या धन्याची बायको आणि दुसरी लेक, बारावी झालेली. गावावरून पहिल्या बसने निघाल्या होत्या. आईच्या कपाळाला कुंकू नव्हतं. लेकीने दुपट्ट्यात गुंडाळलेला फोटो टेबलावर उलगडला तेव्हा मी तो कुत्रा ओळखला, आणि मग मागचा धुकट माणूस गेला हे मला कळलं.

लेक सांगत होती. बाबा पहाटे मोह वेचायला गेला, कुत्रा संगं होता. उन्हं चढली तेव्हा कुत्रा एकटाच आला. अंगणात थांबला नाही, सरळ खाटेखाली शिरला आणि तिथेच मुतला. "मायनं त्याच्याकडे पाह्यलं," लेक म्हणाली, "अन हातातला भाताचा गंज खाली ठेवला. कोणाले काई विचारलं नाई. चालाले लागली जंगलाकडे." वाघ अजून तिथेच असेल म्हणून गावातली माणसं काठ्या आणि डबे वाजवत मागे धावली. बायकोला त्यांनी अलीकडेच अडवून धरलं.

आता आई पहिल्यांदा बोलली. "टोपली पाह्यली मी. सरळच होती. एक बी फूल सांडलं नव्हतं."

नंतर फॉरेस्ट ऑफिसचे लोक आले, पंचनामा झाला, शव कापडात बांधून दवाखान्यात नेलं आणि तसंच बांधलेलं परत दिलं. तोंड उघडू नका असं पुरुषांनी सांगितलं. त्यांच्या रीतीने जे करायचं ते झालं. तिने नवऱ्याला शेवटचं पाहिलं ते पहाटे अंधारात, चुलीच्या उजेडात, तोही पाठमोरा होता म्हणे. घरात त्याचा फोटो नव्हता. मार्कंड्याच्या जत्रेत दोघांनी एकदा काढला होता, तो पावसात भिंत पडली तेव्हा गेला. आधार कार्डावर एक काळा डाग होता, त्याला माणूस म्हणता आलं नसतं. लग्नाकार्यात कुणी फोटो काढायला लागलं की तो मागे सरकायचा. राहिला होता तो हा.

"मॅडम," लेक म्हणाली, "याच्यात बाबा आहे न मागं, त्याले साफ करून द्या. कुत्रा मिटवला तरी चालन."

माय, हे मी त्यांना कसं समजावलं ते माझं मलाच धड कळलं नाही. मी सांगितलं की कॅमेऱ्याने तिथे चेहरा टिपलाच नाही, लेन्स इतकी उघडी होती की कुत्र्याच्या डोळ्यापासून वीतभर मागे गेलं की सगळं वितळतं. धूळ बसली असती तर पुसता आली असती, इथे खाली काही नाहीच. लेक मान हलवत होती. आई मात्र फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "पण तो होता न तिथी बसून. तुमी त पाह्यलं त्याले." मी म्हटलं, हो, पाहिलं. "मंग?" ती म्हणाली.

मला तेव्हा चुलीजवळची तू आठवलीस, भात ढवळणारी, आणि मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले.

लेकीने ऐकलं होतं की आता कंप्युटरवर कुठलाही चेहरा साफ होतो. तेही खरं आहे. माझ्या स्टुडिओखाली एक फ्लेक्स छापणारा आहे, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे, दोन्ही. त्याच्याकडे तसलं काहीतरी आहे. आम्ही तिघी खाली गेलो. त्याने मूळ फोटो घेतला, धुकट तोंडाभोवती चौकोन आखला, बटण दाबलं आणि आम्हाला बसायला स्टुलं दिली. पडद्यावर हळूहळू एक चेहरा वर आला. कपाळावर आठ्या, पांढुरकी दाढी, डोळ्यांत चमक, दात सरळ एका ओळीत. साफ होता. त्वचेवरचं प्रत्येक छिद्र दिसत होतं. लेकीने तोंडावर हात दाबला आणि रडायला लागली. "माय, बाबा," ती म्हणाली. "पाह्य न, बाबाच आहे."

आईने पुढे वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. फ्लेक्सवाला म्हणाला, मावशी, अजून थोडं गोरं करता येईल. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"हा कोण आहे?" तिने मला विचारलं.

मी पडद्याकडे वळून पाहिलं.

"याचे दात पाहा. त्याचे असे होते का? समोरचा अर्धा तुटला होता, नांगराचं रुमणं लागून. अन भिवईत कुऱ्हाडीनं लाकडाची ढलपी उडून लागली होती, तिथी केस नव्हते." ती लेकीकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुले पाह्यजे असन त ठेव तुह्या मोबाइलमंधी. माह्या घरात नोको लावू. हा माणूस माह्या घरी कधी राह्यला नाई."

लेक म्हणाली, "माय, पण दुसरा कुठी आहे?" फ्लेक्सवाल्याने आवाज न करता तो चेहरा बंद केला.

त्याचा सगळं साफ दिसणारा फोटो एका ठिकाणी आहे, हे मला त्या वेळी सुचलं. कुठल्यातरी कचेरीत, कागदांना टाचून. त्यात टोपली असेल, झाड असेल, ओढल्याच्या खुणा असतील, आणि तोही असेल, एकही कड मऊ न होता. तुझ्यासारख्याच कुणीतरी लेन्स अकरावर आवळून काढलेला. मी तो विचार तोंडून बाहेर येऊ दिला नाही. तिने मागितला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

वर आल्यावर मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. काही करायला हवं म्हणून उघडला, नेमकं काय ते ठाऊक नव्हतं. कुत्र्याच्या डोळ्यापासून हळूहळू खाली येत गेले. जबड्याखाली त्याने धरलेला हात होता. आणि तो हात, माय, कुत्र्याच्या डोळ्याच्याच रेषेत आला होता. मी छापून पाठवला त्या आकारात तो कुणाच्या लक्षात आला नसता. मोठा केल्यावर सगळा दिसायला लागला. बोटांची पेरं, भेगांत बसलेली माती, मनगटावर मळून काळा झालेला दोरा, अंगठ्याचं नख मधोमध चिरून जाड वाढलेलं.

आई खुर्चीतून उठली. पडद्याजवळ आली आणि त्या नखावर तिने बोट ठेवलं.

"हे विहिरीच्या कामावर झालं होतं," ती म्हणाली. "दगड पडला होता. उखडून गेलं होतं सगळं. मी हळद भरली." मग बोट मनगटाकडे नेऊन, "हा दोरा मीच बांधला." तिने आपला हात उलटा करून पडद्यावरच्या हातावर ठेवला, पाठीला पाठ लावून. लेक रडायची थांबली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं आणि तिचं ते गाणं वाजत होतं.

"हाच द्या," आई म्हणाली. "मोठा करून. तोंड धुकट आहे त राहू द्या. धुकट आहे, पण तोच आहे."

मी तो मोठा छापला आणि फ्रेम करून स्वतः घेऊन गेले, पाऊस सुरू व्हायच्या आधी. त्यांचं घर गावाच्या शेवटाला आहे, पुढे धानाची एक बांधी आणि मग जंगलच. मी कुत्र्यासाठी बिस्किटं घेतली होती. अंगणात तो दिसला नाही. मी विचारल्यावर लेकीने सांगितलं. धनी सोडून पळून आला म्हणून गावातले लोक त्याला दगड मारायचे. आईने त्याला घरात घेतलं नाही, पण रोज सकाळी ती चुलीतला निखारा काढताना एक भाकर दाराबाहेर टाकायची. तो ती खायचा नाही. बाबा ज्या वाटेने गेला त्या वाटेने रोज जायचा, संध्याकाळी परत यायचा. मग एका संध्याकाळी आला नाही. बिबट्या फिरत होता म्हणे त्या दिवसांत. कुणी शोधायला गेलं नाही.

आईने फ्रेम हातात घेतली, पदराने काच पुसली. "आता दोघाईचा फोटो झाला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता की आणखी काही, मला ओळखता आलं नाही. तिने खिळा आधीच ठोकून ठेवला होता. फ्रेम लावली तेव्हा दारातून येणारा उजेड काचेवर पडला आणि कुत्र्याचे डोळे तेवढे दिसेनात. हात दिसत होता.

लेक म्हणाली, "मॅडम, मायचा बी एक काढा. हिचा बी नाई घरात." आई नको म्हणाली, मग दारात बसली. पाठ ताठ करून, पदर डोक्यावर घेऊन. तिने एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. भिंत सारवलेली नव्हती, कोपऱ्यात भांडी पडली होती, फाटकी ताडपत्री होती. "मागचं दिसू देऊ नोका बाई," ती म्हणाली. "हातच गेला नाई घरावर दोन महिने." मी म्हटलं, नाही दिसू देत. मी कडी फिरवली, शेवटपर्यंत. भिंत गेली, भांडी गेली, ताडपत्रीचा नुसता निळा रंग राहिला. तिचे डोळे आले. तिने पाहिलं आणि मान हलवली. चांगला आला आहे, माय. तुझ्या काचेतून काढला. तुझी लेन्स आता जुनी झाली आहे, कडांना बुरशी धरली आहे, पण मी ती अशा कामाला नेते.

परतताना बसमध्ये मला तुझ्याशी बोलावंसं वाटत होतं. बोडीवरून आलीस त्या दुपारी तुझ्या पोटात काय चाललं होतं ते विचारावंसं वाटलं. तू सांगितलं नसतंस. म्हणून हे लिहिलं. हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहूनच टाकते.

त्या बाईने पदर सारखा करायच्या आधी मी एक फोटो काढून घेतला होता. लेन्स आवळून, अकरावर. त्यात ती आहे, भांडी आहेत, ताडपत्री आहे, न सारवलेली भिंत आहे, आतल्या अंधारातला फ्रेमवरचा खिळासुद्धा दिसतो. तिने आवाज ऐकून विचारलं, "झाला का?" मी म्हटलं, "नाही, उजेड बघतेय." तेव्हापासून मी सगळ्यांचा काढते. साहेबांच्या घरी, डॉक्टरांच्या घरी, कुत्रा अजून जागेवर बसायचा असतो तेवढ्यात त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांचा. सगळं साफ, शेवटच्या कुंडीपर्यंत. ते फोटो मी कुणाला दाखवत नाही, पुसतही नाही; उद्या कुणी मागचा माणूस मागायला आलं तर तो असावा. कुणी विचारलं तर म्हणते, उजेड बघतेय.